बदली कुठाय?

वायरमनच्या खाटेला सायकलची घंटी बसवलेली होती. मान आणि उजवा हात, एवढंच त्याच्या ताब्यात उरलं होतं. काही हवं असलं की तो घंटी वाजवायचा आणि त्याची वहिनी यायची. त्या सकाळी त्याने घंटी वाजवली आणि वहिनी आली नाही.

त्याने पुन्हा वाजवली. मग तो वाजवतच राहिला. त्याला काही नको होतं. स्वयंपाकघरात काहीतरी जड पडल्याचा आवाज त्याने ऐकला होता, आणि उठून बघणं त्याच्या हातात नव्हतं. शेवटी खालच्या मजल्यावरची शिंपीण वैतागून वर आली. मापाची टेप तिच्या गळ्यात तशीच होती.

"अहो वायरमन, काय चाललंय काय? कान किटले माझे!"

"आधी आत बघा," तो म्हणाला. "आत बघा आधी!"

शिंपीण आत गेली. मग तिची किंकाळी आली, आणि वायरमनला सगळं कळलं. तरी त्याचा अंगठा घंटीवरून निघेना.

मास्तरांना फोन गेला तेव्हा ते बस डेपोत आपल्या खुर्चीवर होते. मास्तर म्हणजे वायरमनचे थोरले भाऊ, डेपोतले ड्यूटीमास्तर. कोणत्या ड्रायव्हरने कोणती बस न्यायची, आणि त्याची पाळी संपली की त्याच्या जागी कोण बसायचं, हे ठरवणं त्यांचं काम. जागेवर येऊन बसणाऱ्या त्या दुसऱ्या माणसाला डेपोत 'बदली' म्हणतात. मास्तरांचा नियम एकच होता: बदली असल्याशिवाय माणसाला जुंपायचं नाही. एकदा एका दमलेल्या ड्रायव्हरची बदली आली नाही, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "एक फेरी अजून मारू द्या त्याला, काय होतंय?" मास्तर जाऊन बसच्या पुढे उभे राहिले. प्रवाशांनी आरडाओरडा केला, मॅनेजर लालेलाल झाले, पण मास्तर हलले नाहीत. "माणूस आहे तो. बदली आणा, गाडी न्या." नव्या ड्रायव्हरांना ही गोष्ट आजही सांगतात.

बायको गेल्याचा निरोप ऐकून हे मास्तर उठले, शेजारच्या कारकुनाला हाक मारली, त्याला आपल्या खुर्चीवर बसवलं आणि मगच घरी निघाले. खुर्ची रिकामी सोडायची नाही, ही सवय!

घरी शिंपिणीने गॅस बंद केला होता. डॉक्टर येऊन गेले होते. "छातीचं दुखणं," त्यांनी सांगितलं होतं. "बरेच दिवस अंगावर काढलेलं दिसतंय. दाखवायला का नाही आणलंत?"

का नाही आणलं, याचं उत्तर त्या दिवशी कुणाकडे नव्हतं. म्हणजे एकाकडे होतं, पण त्याला कुणी विचारलं नाही. खाटेवरच्या माणसाला कोण विचारतो?

वायरमन कसा पडला तेही सांगितलं पाहिजे. तो एका कंत्राटदाराकडे कामाला होता. वीज कंपनीच्या खांबावर चढलेला असताना खाली पडला, आणि मानेखालचं शरीर गेलं, उजवा हात तेवढा राहिला. कंत्राटदार फळांची पिशवी घेऊन एकदा आला, "मी आहे ना" म्हणाला, आणि त्यानंतर त्याचा फोन लागेनासा झाला. मग घरातली माणसं बसली. याचं करणार कोण? कुणीतरी म्हणालं, "वहिनी घरीच असते ना." झालं! प्रश्न मिटला. खरं तर वहिनी घरीच नसायची. ती एका छापखान्यात पुस्तकं बांधायला जायची. पण ते काम कुणी कामात धरलंच नाही. ती छापखान्यात जायची बंद झाली आणि मग खरोखरच घरीच असायला लागली. ते तिच्या शेवटच्या सकाळपर्यंत.

पाहुणे आपापल्या घरी गेले. मास्तरांनी रजा घेतली आणि भावाचं करायला लागले. तेव्हा त्यांना कळलं की अंथरूण बदलणं म्हणजे चादर ओढणं नव्हे. आडव्या माणसाला कुशीवर वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून ठरावीक वेळाने पुन्हा वळवायचं, भरवायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, शौचाचं बघायचं, पुसायचं, पुन्हा वळवायचं.

"दादा, जरा हळू," वायरमन म्हणायचा. "मी बसचं टायर नाही."

"तुझी वहिनी एकटी कशी वळवायची रे तुला?"

"वळवायची. नंतर भिंतीला टेकून उभी राहायची थोडा वेळ."

मास्तरांचीही कंबर आता भिंत शोधायला लागली होती.

रजा संपत आली. मास्तरांनी रुग्णाची सेवा करणाऱ्या बायका पुरवणाऱ्या एका ब्युरोला फोन लावला. ब्युरोच्या बाईंनी रुग्णाची सगळी चौकशी केली आणि म्हणाल्या, "दिवसपाळीला एक लागेल, रात्रपाळीला एक, आणि सुट्टीच्या दिवशी तिसरी. आधी तुमच्याकडे किती जणी होत्या?"

"एक."

"नाही, सगळ्या पाळ्या मिळून विचारतेय मी."

"एकच."

"कुठल्या ब्युरोची हो?"

"घरची," मास्तर म्हणाले. मग बाईंनी तीन जणींच्या पगाराचा आकडा सांगितला, आणि मास्तरांनी फोन ठेवला.

मग ते सरकारी कार्यालयात गेले. अशा रुग्णाला सांभाळायला मदतनीस मिळतो, असं कुणीतरी सांगितलं होतं. रांगेत उभं राहून ते खिडकीशी पोचले. आतल्या कारकुनाने वर न बघता विचारलं, "घरात बाई आहे का?"

"होती," मास्तर म्हणाले.

"आत्ता विचारतोय."

"सून आहे. पण ती नोकरी..."

"मग आहे की! घरात सांभाळणारं असेल तर मिळत नाही. पुढचे, या."

वाचकहो, जरा थांबून विचार करा. बाई नोकरी करते का, तिला जमेल का, तिची कंबर धड आहे का, यातलं काही विचारलं नाही. फक्त आहे का, एवढंच! नळाला पाणी आहे का विचारावं, तसं!

मास्तर मुकाट्याने परत आले. त्यांना राग यायला हवा होता. आला नाही. उलट बसमध्ये बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, 'खरंच, सून आहे की.'

त्या रविवारी बैठक भरली. मास्तर, त्यांचा मुलगा, आणि मास्तरांची बहीण, जिला वायरमनही ताई म्हणतो. ताईचं आणि तिच्या नवऱ्याचं कापडाचं भरभराटीचं दुकान आहे. ती येताना फळांची पिशवी घेऊन आली होती. बैठक बाहेरच्या खोलीत होती. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत वायरमन खाटेवर होता, पण त्याच्याबद्दल बोलायचं म्हणून सगळे त्याच्याशी न बोलता बोलत होते.

"हिशोब सरळ आहे, आत्या," मुलगा म्हणाला. तो विमा कंपनीत आहे, त्याला हिशोब सरळच दिसतात. "बाहेरच्या तीन बायका ठेवण्यापेक्षा घरातल्या कुणीतरी नोकरी सोडायची. कुणी? ज्याचा पगार सगळ्यात कमी त्याने. यात कुणावर अन्याय नाही. साधं गणित आहे."

"मी केलं असतं रे," ताई म्हणाली, "पण माझे गुडघे बघतोस ना. शिवाय मी पडले दुसऱ्या घरची. माझ्या घरचे काय म्हणतील?"

"तुम्हाला कोण सांगतंय, आत्या? तुम्ही बसा."

इतक्यात सून आली. ती गाडी चालवायला शिकवते. रविवार तिचा सगळ्यात कामाचा दिवस, कारण नोकरी करणाऱ्या बायका त्याच दिवशी शिकायला येतात. तिच्या हातात किल्ली होती आणि ती हसत होती.

"काय वैताग! आज एका बाईंनी ब्रेक म्हणून ॲक्सिलरेटरच दाबला. बरं, माझ्या बाजूला दुसरा ब्रेक असतो, नाहीतर आज मी भाजीच्या गाड्यासकट घरी आले असते." मग तिला सगळ्यांचे चेहरे दिसले. "काय झालं?"

"तू उद्या मालकाला सांगून टाक," नवरा म्हणाला. "काकांसाठी. दुसरा मार्ग नाही."

"काय सांगून टाकू?"

"सोडतेय म्हणून. आमचं ठरलंय."

"तुमचं ठरलंय," सून म्हणाली. "बरं. आणि मला विचारायचं कधी ठरलंय?"

"अगं, यात विचारायचं काय? तुझा पगार माझ्या निम्मा आहे."

"हो ना. ताप आला मुलाला की मी घरी राहते, पाहुणे आले की मी घरी राहते, म्हणून निम्मा आहे. आता निम्मा आहे म्हणून सगळाच सोडायचा!" ती सासऱ्यांकडे वळली. "बाबा, मी काकांचं करायला नाही म्हणत नाहीये. पण तुम्ही तरी सांगा."

मास्तरांनी खाली मान घातली. "थोडेच दिवस, सूनबाई. मग बघू काहीतरी."

सुनेने किल्ली टेबलावर ठेवली.

आणि आतून घंटी वाजायला लागली.

"पाणी हवं असेल," ताई म्हणाली. घंटी थांबेना. मुलगा उठून आत गेला तरी थांबेना. शेवटी सगळेच आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले, तेव्हा वायरमनने अंगठा काढला.

"आलात? बरं झालं. माझ्याबद्दल बोलताय तर माझ्यासमोर बोला. माझे पाय गेलेत, कान नाही." मग ताईकडे बघून तो म्हणाला, "ताई, तू दुसऱ्या घरची काय? आणि वहिनी कुठून आली होती? आभाळातून पडली होती? तीसुद्धा दुसऱ्याच घरची होती. तुझ्या-माझ्यात रक्ताचं नातं आहे. तिच्या-माझ्यात काय होतं? पण दुसऱ्या घरची म्हणून तू सुटलीस आणि दुसऱ्या घरची म्हणूनच ती अडकली. हा कुठला न्याय?"

"अरे, मी काय मुद्दाम..."

"थांब. अजून संपलं नाही." त्याने पुतण्याकडे नजर वळवली. "तुझं गणित ऐकलं. बाहेरच्या बायका परवडत नाहीत, म्हणून घरातली बाई. म्हणजे घरातली फुकट, असंच ना? मला ओझं म्हणा, माझं काही म्हणणं नाही. पण ओझं उचलणाऱ्याला हमाली तरी देतात रे! खांब कंपनीचा, काम कंत्राटदाराचं, पडलो मी. आणि भरलं कुणी? कंपनीने नाही, कंत्राटदाराने नाही, सरकारने नाही, तुम्ही कुणी नाही. वहिनीने भरलं. हाडांनी भरलं तिने!"

पुतण्याने काही म्हणायला तोंड उघडलं, पण वायरमन थांबला नाही.

"डॉक्टरांनी विचारलं ना, दाखवायला का नाही आणलं? मी सांगतो. तिला छातीत दुखायचं, मला माहीत होतं. मीच तिच्यामागे लागलो होतो, जा म्हणून. एका सकाळी ती निघाली. केस विंचरले, चपला घातल्या, दारापर्यंत गेली. तेवढ्यात मला... मला शौचाला झालं. मी दाबून धरू शकत नाही, तुम्हाला माहितीये. कुणी दुसरं असतं तर तिला जाऊ दिलं असतं. पण कुणी नव्हतं. मी घंटी वाजवली. तिने चपला काढल्या. माझं सगळं केलं, आणि तोवर दवाखाना बंद झाला होता. 'उद्या जाईन, भावजी,' म्हणाली. उद्याही तेच झालं."

सून भिंतीशी जाऊन उभी राहिली.

"त्या चपला अजून तिथेच आहेत," वायरमन म्हणाला. "दाराशी. आता त्यात हिचे पाय घालायला निघालात तुम्ही."

मास्तर मागे वळले आणि दाराकडे बघत राहिले. साध्या रबरी चपला होत्या. इतके दिवस ते रोज त्यांना ओलांडून जात-येत होते. मग ते अचानक ओरडले,

"बदली कुठाय?"

"कसली बदली, दादा?" ताई गोंधळली. "सूनबाईची? तिची काय सरकारी नोकरी आहे, बदली व्हायला?"

"ती बदली नाही, ताई! माझी बदली! डेपोतली!" मास्तर म्हणाले. "अगं, जन्मभर मी एकेका ड्रायव्हरसाठी भांडलो. बसच्या पुढे उभा राहिलो मी! दमलेल्या माणसाला एक फेरी जास्त मारू दिली नाही. आणि माझ्या घरात एक बाई बदलीशिवाय इतकी वर्षं गाडी ओढत होती! तिला रविवार नव्हता, रजा नव्हती, आजारपण नव्हतं. ती गेली तेव्हा मी खुर्चीवर माणूस बसवून मग घरी आलो. खुर्चीला बदली होती, तिला नव्हती! आणि आता आपण काय करतोय? तिच्या जागी सूनबाईला बसवतोय. सूनबाईची बदली कोण? सांगा! कुणीतरी नाव सांगा!"

मुलाने ताईकडे बघितलं, ताईने मुलाकडे.

"मग गाडी निघणार नाही," मास्तर म्हणाले. त्यांनी टेबलावरची किल्ली उचलली आणि सुनेच्या हातात दिली. "धर. उद्या कामावर जायचं."

मुलगा खाली बसला. "बाबा, पण मग पैसे..."

"तुझंच गणित घेऊ," मास्तर म्हणाले. "फक्त उलटं. ज्याचा पगार कमी त्याने सोडायचं नाही. ज्याची कमाई जास्त त्याने जास्त द्यायचं. दिवसा बाहेरची बाई ठेवायची, तिला तिचा योग्य पगार, आणि तिलाही सुट्टी. ताई, तुमचं दुकान आहे, तुमचा वाटा मोठा. तुझा त्याखालोखाल. माझा आहेच. सूनबाई तिच्या पगाराप्रमाणे देईल. आणि नुसते पैसे देऊन कुणी सुटणार नाही. रात्री मी. सकाळी कचेरीत जायच्या आधी तू काकांना वळवायचं, पुसायचं."

"मी?" मुलगा म्हणाला. "मला येत नाही."

"मलाही येत नव्हतं," मास्तर म्हणाले.

"शिकवीन मी," खाटेवरून आवाज आला. "घाबरू नको, दोन्ही ब्रेक माझ्याकडे आहेत."

सून रडता रडता हसली. ताईने पदराने डोळे पुसले. तिला राग आला होता की लाज वाटली होती, हे सांगणं अवघड आहे. दोन्ही असावं. शेवटी ती म्हणाली, "रविवारी मी येईन. गुडघ्यांचं काय, खुर्चीवर बसून भरवता येतं."

"आणि मीही काम मागतो," वायरमन म्हणाला. "मला फोन तेवढा रोज हाताशी ठेवून द्या, तो उचलेपर्यंत लावत राहीन. त्या कंत्राटदाराशी भांडायचं खातं माझ्याकडे. मला वेळच वेळ आहे."

त्या घरात आता घंटी वाजते तेव्हा कुणाची पाळी आहे ते प्रत्येकाला माहीत असतं. सगळं सुरळीत झालं असं नाही. ताई कधी कधी येत नाही. मुलगा पहिल्या आठवड्यात दोनदा ओकला. पण एक दिवस भिंतीला टेकून उभा असताना तो वडिलांना म्हणाला, "बाबा, आई हे रोज करायची?" मास्तर त्याच्या जागी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "जा. चहा पी."

नागरिकहो, म्हातारी माणसं, अपंग माणसं, आजारी माणसं ही कुणा एका बाईच्या नशिबाचा भाग नाहीत. ती सगळ्या घराची आहेत, आणि त्यांच्या श्रमावर ज्यांनी पैसा मिळवला त्या धन्यांची आहेत, आणि आपण सगळे कर भरतो त्या सरकारचीही आहेत. सेवा प्रेमाने होते हे खरं. पण प्रेमाच्या नावाखाली बिल एकीच्याच माथी मारायचं, याला प्रेम म्हणत नाहीत. लबाडी म्हणतात. तुमच्या घरात कुणी असं असेल, तर 'ती घरीच असते' म्हणण्याआधी एकदा विचारा, तिची बदली कुठाय? आणि हे तिच्या चपला दाराशी रिकाम्या राहण्याआधी विचारा!

मास्तर परवा पुन्हा त्या कार्यालयात गेले होते. कारकुनाने वर न बघता विचारलं, "घरात बाई आहे का?"

"पुरुष आहेत," मास्तर म्हणाले. "दोन धडधाकट. ते विचारा की."

"तसं विचारायची पद्धत नाही."

मास्तर खिडकीपासून हलले नाहीत. मागच्या रांगेतून दोन बायका पुढे येऊन त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. कारकुनाने साहेबांना बोलावलं, साहेबांनी "बघतो" म्हणून सांगितलं.

कंत्राटदाराने अजून काही दिलेलं नाही. आणि त्या खिडकीवर आजही पहिला प्रश्न तोच विचारतात. तो अजून बदललेला नाही.